खांबाआडचं कोपर

"मी त्या रात्री तिथं नव्हतोच," एल्मोर टॉलिव्हर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही पाय मिठाच्या गरम पाण्यात आणखी खोल घातले.

समोर बसलेला ग्रेडी होल्कम हसला. हे वाक्य ऐकून सगळेच हसत. एल्मोर गेली अठ्ठावन्न वर्षं हे सांगत होते, आणि गेली अठ्ठावन्न वर्षं पिट्सबर्गच्या हिल नावाच्या वस्तीवरची माणसं त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणत होती, "काय पण नम्रता! मोठी माणसं अशीच असतात." माणसानं खरं किती वेळा बोलावं याला काही सुमार असतो. एल्मोर आता पंच्याऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांचे गुडघे थकले होते, कान थकले होते, आणि सगळ्यात जास्त थकलं होतं ते हे वाक्य.

प्रकरण एका तबकडीचं होतं. एकसष्ट सालच्या मार्च महिन्यात, एका शनिवारी, हिलवरच्या कॅनरी रूम नावाच्या क्लबात हर्शेल बॉन्डच्या चौघांनी जॅझ वाजवलं आणि ते तिथंच, लोकांच्या खोकण्या-हसण्यासकट ध्वनिमुद्रित झालं. पियानो, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम. तीनशे तबकड्या निघाल्या, कंपनी बुडाली, क्लब पडला, आता तिथं गाड्या उभ्या असतात. पण त्या तीनशे तबकड्या जगभर फिरत राहिल्या आणि त्यांच्यासाठी लोक एकमेकांच्या उरावर बसायला लागले. ग्रेडीला मूळ टेप कुठल्याशा तळघरात सापडली. त्यानं ती वर्षभर बसून साफ केली आणि आपल्या दोन खोल्यांच्या कंपनीतर्फे नव्यानं हजार तबकड्या काढल्या. चौघांपैकी तिघं केव्हाच वर गेले होते. उरले ड्रमवाले एल्मोर टॉलिव्हर. म्हणजे कव्हरवर तसं छापलेलं होतं.

"दुसरी बाजू, मिस्टर टॉलिव्हर," ग्रेडी डोळे मिटून म्हणाला. "तुमचा अकरा मिनिटांचा सोलो. आणि मधली ती शांतता! चार सेकंद काहीच नाही. मग ड्रमच्या कडेवर एकच 'टक्'. मी ती शांतता तीनशे वेळा ऐकलीय. त्या चार सेकंदांत तुमच्या मनात काय होतं?"

"काही नव्हतं. मी झोपलो होतो."

ग्रेडीनं वहीत लिहिलं, 'झोपेत असल्यासारखे वाजवत.'

"अरे, तसं नव्हे रे बाबा!" एल्मोरनी घमेल्यात पाय आपटला. थोडं पाणी ग्रेडीच्या बुटांवर उडालं. "नीट ऐक. मी पोलादाच्या कारखान्यात होतो. त्या दिवशी दोन पाळ्या ओढल्या, सोळा तास. दुपारीच क्लिफ्टन मेजला फोन केला, म्हटलं, माझ्या जागी तू जा. तो बरं म्हणाला. मी घरी आलो, पलंगावर बसलो, एक बूट काढला. जाग आली तेव्हा रविवार उजाडला होता आणि दुसरा बूट पायातच होता. रेकॉर्डिंग आहे हे हर्शेलनं कुणाला सांगितलंच नव्हतं. म्हणाला, सांगितलं असतं तर दात काढायला बसल्यासारखं वाजवलं असतंत. आणि नावं त्यानं आधीच कंपनीला देऊन ठेवली होती."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

आता हे बाहेरच्या माणसाला कसं समजावणार? हिलवर तेव्हा रीतच होती. ड्रमवाल्याला ताप आला, कारखान्याची पाळी आली, सासू आली, की तो बदली पाठवायचा. बदलीनं मुकाट्यानं वाजवायचं आणि मागच्या दारानं घरी जायचं. नाव मूळ माणसाचं राहायचं, आणि पुढं कधीतरी उपकाराची फेड व्हायची. बदली कोण होता हे मूळ माणसानं फोडायचं नाही आणि बदलीनं मिरवायचं नाही. एल्मोरनी रीत पाळली आणि पहिले काही महिने तोंड शिवून बसले. दर नाताळला क्लिफ्टनच्या घरी एक अख्खा हॅम मात्र पोचवत राहिले. तोवर तबकडीचं नाव झालं, आणि मग खरं सांगायला गेले तर नम्रता ठरली.

"हे बघा," ग्रेडीनं कव्हरची मागची बाजू पुढं धरली. त्यावर त्या रात्रीचा एकमेव फोटो होता. पियानोवर हर्शेल, शेजारी सॅक्सोफोनवाला, मग बासवाला, आणि मग कॅनरी रूमचा तो कुप्रसिद्ध जाडजूड खांब. खांबाच्या आडून एक कोपर तेवढं बाहेर आलेलं. "हे तुमचं कोपर!"

एल्मोरनी चष्मा वर केला, खाली केला. "हे माझं कोपर नाही."

"अठ्ठावन्न वर्षं झाली, मिस्टर टॉलिव्हर. कोपरं बदलतात."

एल्मोरनी डोळे मिटले. "पोरा, तीनशे तबकड्यांचं खोटं मी कसंबसं निभावलं. हजारांचं मला झेपणार नाही. आज ना उद्या मी वर जाणार. तिथं दारातच क्लिफ्टन उभा असेल. त्याला काय तोंड दाखवू? तुझं वाजवणं मी जन्मभर खाल्लं म्हणून सांगू? आयत्या बिळावरचा नागोबा झालोय मी. ते नाव बदल."

ग्रेडी वाईट माणूस नव्हता. पण हजार कव्हरं छापून, तबकड्या आत घालून, खोक्यांत भरून तयार होती. पुढच्या शनिवारी चर्चच्या सभागृहात प्रकाशन होतं आणि सोमवारी खोकी जपानपर्यंत जाणार होती. त्यानं हळूच वही मिटली, अंगणात गेला आणि एल्मोरच्या मुलीला फोन लावला.

"व्हॉनेटाबाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुमच्या वडिलांना ती रात्र आठवत नाहीये. अजिबातच नाही."

व्हॉनेटा शाळेच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढून नुकतीच घरी बसली होती, आणि तिच्या हाताला काम नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिनं वडिलांना मोटारीत घातलं.

"डॅडी, नुसतं तपासून येऊ."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालं. म्हणूनच तर लवकर जाऊ या."

डॉक्टरनं त्यांना तारीख विचारली, ती त्यांनी सांगितली. राष्ट्राध्यक्ष विचारला, तोही सांगितला आणि वर त्याच्याबद्दल स्वतःचं मतही सांगितलं. घड्याळ काढायला लावलं तर त्यांनी सेकंदकाट्यासकट काढून दिलं. शंभरातून सात-सात वजा करत ते दोनपर्यंत न चुकता पोचले. डॉक्टर खूश झाला. फाइल मिटता मिटता सहज म्हणाला, "आणि एकसष्ट सालची कॅनरी रूम? माझे आजोबा होते त्या रात्री. पहिल्या रांगेत."

"तुमचे आजोबा असतील. मी नव्हतो."

डॉक्टरनं फाइल पुन्हा उघडली. व्हॉनेटाला बाजूला घेऊन म्हणाला, "आजचं सगळं शाबूत आहे. नेमकं जे विसरू नये तेच गेलंय. असं होतं कधीकधी. एकटं ठेवू नका."

झालं! हिलवर बातमीला पाय लागत नाहीत, तिला चाकंच असतात. संध्याकाळपर्यंत एल्मोरच्या दारात चर्चच्या भगिनींची रीघ लागली. मॅकरोनी-चीजची चार भांडी आली, मक्याच्या पावाच्या लाद्या आल्या, रताळ्याच्या गोड सारणाच्या सात थाळ्या आल्या. प्रत्येक बाई भांडं ठेवायची, एल्मोरचा हात हातात घ्यायची आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं विचारायची, "ब्रदर टॉलिव्हर, मी कोण? ओळखलं का?"

"ओळखलं, लोरेन. माझी शिडी नेऊन तुला चार वर्षं झाली."

लोरेनबाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बिचारे भ्रमात आहेत. कुठली शिडी?"

चार दिवस हे चाललं. एल्मोर पाठ टेकायला गेले की दार वाजायचं. त्यांना ना दुपारची झोप, ना रात्रीची. पण खरा कळस केला तो डीकन डिलार्ड यांनी. डिलार्ड यांचं केस कापायचं दुकान होतं, चर्चच्या कारभारात डीकन म्हणून मान होता, आणि आवाज तर असा होता की प्रार्थना करताना देवालाही कानावर हात ठेवावा लागत असेल. त्यांनी एल्मोरना दुकानात बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, म्हणजे माणूस पळून जाऊ शकत नाही, आणि आठवण करून द्यायला सुरुवात केली.

"मी होतो तिथं, ब्रदर टॉलिव्हर. पहिलं टेबल. तुमचा राखाडी सूट होता. कपाळावरून घाम टपटप ड्रमवर पडत होता. मी या डोळ्यांनी पाहिला."

"डिलार्ड, मधी खांब होता."

"काय?"

"कॅनरी रूममधी ड्रम खांबामागं असायचा. ड्रमवाला कुठल्याच टेबलावरून दिसायचा नाही. मी सहा वर्षं वाजवलं तिथं, माझ्या बायकोनं मला एकदाही पाहिलं नाही."

डिलार्डनी वस्तरा थांबवला आणि दुकानातल्या बाकीच्यांकडे दुःखानं पाहिलं. "खांब म्हणतायत," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. दुकानात तेव्हा नऊ माणसं होती, आणि नऊच्या नऊ जण त्या रात्री कॅनरी रूममध्ये होते. त्यांतले दोघं तर जन्मलेही नव्हते, पण तेवढ्यानं अडणारी माणसं ती नव्हेत. एकजण म्हणाला, आई गरोदर होती, आतून ऐकलं.

ग्रेडीनं यात आणखी तेल ओतलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. एल्मोरची स्मृती परत यावी म्हणून त्यानं चर्चच्या फलकावर चिठ्ठी लावली, की त्या रात्री जे कॅनरी रूममध्ये होते त्यांनी शनिवारी आपल्या आठवणी घेऊन यावं, प्रत्येकाला एक तबकडी भेट मिळेल. कॅनरी रूममध्ये खुर्च्या होत्या सत्तर. गुरुवारपर्यंत नावं आली दोनशे चौदा.

"बघा, मिस्टर टॉलिव्हर!" ग्रेडी यादी घेऊन आला. "दोनशे चौदा माणसं सांगतायत की तुम्ही होतात. एकटे तुम्हीच नाही म्हणताय."

एल्मोर यादीकडे पाहत राहिले. क्षणभर त्यांनाही वाटलं की आपण होतो की काय! राखाडी सूट तर त्यांच्याकडे खरंच होता. मग त्यांना तो रविवार आठवला, पायातला तो एक बूट आठवला, आणि ते काठी घेऊन उठले. आता साक्ष देऊ शकेल असं एकच माणूस जिवंत होतं. ते म्हणजे क्लिफ्टनची विधवा.

अर्नेस्टीन मेज ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांना सगळी वस्ती 'मदर अर्नेस्टीन' म्हणायची. त्यांचे वडील त्या चर्चचे पाद्री होते. त्यांनी स्वतः साठ वर्षं तिथं ऑर्गन वाजवला होता. रविवारी पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे आणि पांढरी भली थोरली हॅट घालून त्या पहिल्या बाकावर बसत, तेव्हा डीकन डिलार्डसुद्धा आवाज खाली आणत. एल्मोर पोचले तेव्हा त्या स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "मॅकरोनी आणली नाहीस ना? तुझ्याकडे मावली नाही ती सगळ्यांनी मला आणून दिलीय."

"अर्नेस्टीन, एक काम आहे. शनिवारी सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग, की त्या रात्री एल्मोर एक बूट काढून घरी झोपला होता, वाजवायला माझा क्लिफ्टन होता. तुझं ऐकतील. मला कुणी ऐकत नाही. मी फार दमलोय गं."

अर्नेस्टीनबाईंनी एक देठ मोडला. "मला नाही सांगता येणार."

"का?"

"खोटं कसं बोलू? क्लिफ्टन नव्हता तिथं."

एल्मोरनी कानातलं यंत्र दाबून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"नव्हता म्हटलं. क्लिफ्टनला नाही म्हणता यायचं नाही, ठाऊक आहे ना तुला? तुला हो म्हणाला, आणि त्याच रात्रीच्या होमस्टेड गावातल्या लग्नात वाजवायलाही हो म्हणाला. लग्नवाल्यांनी मोटारच पाठवली, तो गेला."

"मग वाजवलं कुणी?"

बाईंनी भाजीची परात बाजूला सारली. पातेलं पालथं घातलं, दोन लाकडी चमचे घेतले आणि त्या पातेल्यावर हलकेच वाजवायला लागल्या. आठ-दहा मात्रा झाल्या असतील नसतील, एल्मोरच्या हातातली काठी खाली पडली. दुसरी बाजू, सोलोची सुरुवात. तबकडीवर त्यांनी ती हजार वेळा ऐकली होती.

"क्लिफ्टन पुढच्या खोलीत पोरांना ड्रम शिकवायचा," त्या म्हणाल्या. "मी इथं, याच टेबलावर शिकले. भाजी चिरता चिरता. त्या रात्री त्याचा कोट चढवला, त्याची हॅट घातली आणि मागच्या दारानं गेले. हर्शेलनं मला पाहून तोंड उघडलं. मी म्हटलं, तुला ड्रम हवाय की भांडण? गप्प बसला. खांब होता म्हणून निभावलं."

"म्हणजे ते कोपर..."

"माझं. कोट क्लिफ्टनचा."

"अगं, पण बोलली का नाहीस?"

"काय बोलते? माझे बाबा पाद्री! शनिवारी क्लबात वाजवलं हे कळलं असतं तर रविवारी ऑर्गनला हात लावू दिला असता का? दुसऱ्या दिवशी वाजवायला बसले तर हात थरथरत होते. बाबा लोकांना म्हणाले, बघा पोरीची भक्ती." त्या हसल्या, आणि मग हसू थांबलं. "लोक टाळ्या वाजवत होते, एल्मोर. उभे राहून वाजवत होते. त्यानंतर कधी कुणी माझ्यासाठी तशा वाजवल्या नाहीत, चर्चमधी टाळ्या देवाच्या असतात. वाटायचं, एकदा तरी कुणी विचारील. तू नाताळला हॅम आणायचास, तर क्लिफ्टन म्हणायचा, घे, तुझा हॅम आला. मला वाटायचं, एल्मोरला ठाऊक आहे."

एल्मोरनी पडलेली काठी उचलली. मग त्यांनी विचारलं, "आणि ती शांतता? चार सेकंदांची?"

"ड्रमची काठी सुटली हातातून. शोधत होते. मिळाली तशी कडेवर आपटली."

एल्मोर इतके हसले की त्यांना खोकला लागला. बाईंनी पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "शनिवारी सांग हे."

"तू अठ्ठावन्न वर्षं सांगितलंस, तुला डॉक्टरकडे नेलं. मी सांगितलं तर मलाही नेतील. पालथ्या घड्यावर पाणी."

"मग सांगू नकोस. वाजव."

"चर्चच्या सभागृहात? मी?"

"सभागृह तळघरात आहे. देव वर राहतो. तू खाली वाजव."

अर्नेस्टीनबाईंनी पातेलं सरळ केलं, त्यात भाजी टाकली आणि बराच वेळ पाठ फिरवूनच उभ्या राहिल्या. "बघू," त्या म्हणाल्या. हिलवर 'बघू' म्हणजे नाही. पण त्यांचा उजवा पाय जमिनीवर ठेका धरत होता, आणि तो एल्मोरना दिसला.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सत्तर खुर्च्यांच्या क्लबात बसलेली दोनशे चाळीस माणसं आली होती. मंचावर ग्रेडीनं ड्रम मांडून ठेवला होता, एल्मोरनी आठवण म्हणून दोन ठोके तरी मारावेत अशी त्याची इच्छा. एका बाजूला तबकड्यांची खोकी होती, दुसऱ्या बाजूला मॅकरोनी.

पहिलं भाषण डीकन डिलार्ड यांचं झालं. त्यांना माइकची गरज नव्हती, तरी त्यांनी तो घेतला. "घाम!" ते गरजले. "ब्रदर टॉलिव्हर यांच्या कपाळावरचा घाम मी या डोळ्यांनी..." माइक किंचाळला. एल्मोरनी दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात टाकली. गेल्या दहा दिवसांत मिळालेली ही पहिली शांतता होती.

व्हॉनेटानं कोपरानं ढोसल्यावर त्यांना कळलं की आपली पाळी आली. ते उठले, मंचाच्या कडेपर्यंत गेले आणि म्हणाले, "माझी बोटं आता वळत नाहीत. आपल्याकडे रीत आहे, स्वतःला जमलं नाही तर बदली द्यायचा. मी बदली देतो. मदर अर्नेस्टीन मेज."

पहिल्या रांगेतून पांढरी हॅट उठली. अर्नेस्टीनबाई एक-एक पायरी चढल्या, हातमोजे काढून व्हॉनेटाच्या हाती दिले, आणि त्यांनी स्टूल स्वतःला हवं तसं खाली केलं. एल्मोर भिंतीशी ठेवलेल्या गादीच्या खुर्चीत येऊन बसले. अठ्ठावन्न वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं होतं. उजवा बूट चावत होता, तो त्यांनी काढला. दुसरा काढायला वाकले, आणि तेवढ्यात...

बाईंनी सुरुवात केली. पहिल्या मिनिटाला लोक चुळबुळले, दुसऱ्या मिनिटाला थांबले. ग्रेडी खोक्यांपाशी उभा होता. तो आधी कौतुकानं ऐकत होता, मग त्याच्या कपाळावर आठी पडली, मग त्याचं तोंड उघडं पडलं. ही नक्कल नव्हती. वर्षभर ज्या हाताशी तो एकट्यानं बसला होता, तो हा हात होता. थोडा सावकाश, थोडा कापरा, पण तोच. ठेका सोडून किंचित मागं रेलायची खोड तीच, डाव्या हाताचं पुटपुटणं तेच.

सातव्या मिनिटाला काठी सुटली.

ती टणटण करत स्टुलाखाली गेली. बाई वाकल्या. हॅट झांजेच्या दांडीत अडकली. व्हॉनेटा धावली तसा ग्रेडी ओरडला, "हात लावू नका! देवाशप्पथ, कुणी हात लावू नका!" एकसष्ट साली चार सेकंद लागले होते, या वेळी चौदा लागले. मग हॅट वर आली, काठी वर आली, आणि कडेवर एकच आवाज झाला. टक्.

ग्रेडी मटकन खोक्यावर बसला आणि दोन्ही तळव्यांत तोंड घालून रडायला लागला.

वाजवणं संपलं तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्यांनी तळघराची जमीन हादरत होती. ग्रेडी धडपडत माइकपाशी गेला. "या त्या आहेत," तो म्हणाला. "त्या रात्री... मिस्टर टॉलिव्हर खरं सांगत होते. या त्या आहेत! आणि मी हजार कव्हरांवर चुकीचं नाव छापलंय. सोमवारच्या आत प्रत्येकावर पट्टी चिकटवीन. हातानं चिकटवीन. ड्रम, अर्नेस्टीन मेज!"

दोनशे चाळीस माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. मग डीकन डिलार्ड उठले, त्यांनी कोट नीट केला आणि घसा साफ केला.

"मी म्हणतच होतो," ते म्हणाले. "मी होतो तिथं. पहिलं टेबल. डोक्यावर पुरुषाची हॅट होती हिच्या. या डोळ्यांनी पाहिली."

"आम्ही पण पाहिली!" मागून आवाज आला.

"माझी आई तर तेव्हाच म्हणाली होती, ही पाद्रीबाबांची पोर दिसते," लोरेनबाई म्हणाल्या.

"पण मग," ग्रेडीनं डोळे पुसत विचारलं, "मिस्टर टॉलिव्हरांच्या घामाचं काय?"

डिलार्डनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पोरा, म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये."

पुन्हा टाळ्यांचा गजर झाला आणि जमिनीच्या हादऱ्यानं एल्मोर टॉलिव्हर जागे झाले. दोन्ही हात मांडीवर होते, एक बूट पायात होता, एक खुर्चीखाली. समोर लोक उभे होते आणि त्यांचे हात एकमेकांवर आपटत होते, पण आवाज काहीच नव्हता. व्हॉनेटानं त्यांच्या खिशातून यंत्रं काढून कानांत बसवली आणि एकदम सगळं आभाळ कोसळल्यासारखं आत आलं.

"डॅडी!" व्हॉनेटा हुंदके देत होती. "चुकलं आमचं. ऐकलंत ना? काय वाजवलं त्यांनी!"

एल्मोरच्या सगळं लक्षात आलं. आयुष्यात दोनदा ही बाई लोकांसमोर ड्रम वाजवायला बसली, आणि दोन्ही वेळा हा माणूस एक बूट काढून झोपला.

गर्दीतून वाट काढत अर्नेस्टीनबाई आल्या. हॅट वाकडी झाली होती, छाती धपापत होती, आणि चेहरा असा उजळला होता की ब्याऐंशीतली निदान साठ वर्षं कुठंतरी ठेवून आल्यासारख्या दिसत होत्या. मागोमाग वही उघडून ग्रेडी आला. डिलार्डही आले.

"तू सांग, एल्मोर," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांचं सोड, ते काय वाट्टेल ते म्हणतील. तू कधी खोटं बोलला नाहीस. कसं झालं?"

एल्मोरनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डिलार्डकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढं काढली.

"कसं झालं म्हणून काय विचारतेस?" ते म्हणाले. "मी होतो ना तिथं. या डोळ्यांनी पाहिलं."

अर्नेस्टीनबाईंची नजर सावकाश खाली गेली. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. त्या मोज्याकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी व्हॉनेटाकडून आपले हातमोजे घेतले आणि एक-एक बोट नीट बसवत म्हणाल्या,

"या नाताळला दोन हॅम आण."